ऐनाच्या फांदीवरचा कौल

आमच्या घरात मला किड्यांची बाई म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही. आमचं घर काशीदच्या किनाऱ्यापासून थोडं आत, डोंगराच्या अंगाला आहे. दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो आणि रांधायचं काम माझ्याकडे. येणारे सगळे समुद्रासाठी येतात, वाळूने मोऱ्या तुंबवतात आणि जाताना घावनाची कृती विचारतात. एका पावसाळ्याच्या तोंडावर मात्र एक बाई आल्या आणि चार दिवसांत समुद्राकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. संध्याकाळी अंगणात पांढरी चादर बांधायच्या, तिच्यामागे दिवा लावायच्या आणि चादरीवर बसणारे पतंग मोजत राहायच्या. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या घरची मानसं कशी काय सोडतात हिला?"

मला आधी हसू आलं. मग चहा द्यायला गेले आणि तिथेच उभी राहिले. चादरीवर हिरवे, गुलाबी, वाळक्या पानासारखे, कितीतरी प्रकारचे पतंग होते, आणि ते सगळे माझ्याच परसातले. इतकी वर्षं मी त्यांना झाडूने झटकत आले होते. बाईंनी मला बघायचं कसं ते शिकवलं. मिशा बघ, पंख मिटून बसतो की पसरून ते बघ, कुठल्या झाडावर अळी होती ते बघ. त्या गेल्या, पण बघायची सवय मागे राहिली. एकदा नजर बसली की काढता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या वर्षीची ही गोष्ट आहे.

शिमग्याच्या आधी माझे धाकटे दीर राबाची तोडणी करत होते. राब म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पाहुण्यांना सांगावं लागतं. डोंगरउतारावर आमची थोडी वरकस, भात न पिकणारी जमीन आहे, तिथली ऐनाची झाडं दरवर्षी खांडायची, फांद्या खाली आणून भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेणापाल्यासोबत पसरायच्या आणि वाळल्या की पेटवायच्या. जमीन भाजली की रोप जोमाने येतं आणि तण मरतं. भावजी मिनीडोर रिक्षा चालवतात, तरी राब सोडत नाहीत. त्या दिवशी भाऱ्यातली एक फांदी त्यांनी वेगळी काढून आणली. "वैनी, तुमच्या कामाचं काय तरी गावलंय."

फांदीला एक कोश लटकत होता. कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान, करडा, वरून जाळीसारख्या रेघा, आणि हाताला टणक. मला सगळ्यात नवल वाटलं ते त्याच्या देठाचं. कोशाच्या वरच्या टोकातून काळा, चिवट देठ निघाला होता आणि त्याच्या शेवटाला कडं होतं, ते कडं फांदीभोवती घट्ट आवळलेलं. पान गळलं तरी कोश पडू नये म्हणून अळीने आधी फांदीला वेढा घातला होता आणि मग स्वतःला कोंडून घेतलं होतं. पंखांच्या टोकाला सापाचं तोंड असतं त्या मोठ्या पतंगाचा कोश पानात गुंडाळलेला असतो. लांब शेपटीच्या हिरव्या चांदपतंगाचा पातळ असतो, पाचोळ्यात पडलेला सापडतो. हा त्यातला नव्हता. ऐनावरचा, टणक, देठाचा आणि कड्याचा. मी फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांचा फोन लगेच आला. टसर. रानातलं रेशीम.

त्या भरभरून बोलत होत्या. उन्हाळाभर तो आत झोपून राहील, हवेत ओल आली की बाहेर पडेल. आत जिवंत आहे का ते बघायचं असेल तर कानाशी धरून हळूच हलवायचं. जड, ओला धक्का लागला तर जिवंत. वाळक्या बीसारखं खुळखुळलं तर मेलेला. कधी पिवळी गांधीलमाशी कोशाला भोक पाडून आत अंडं घालते, मग आतल्या आत त्याला खाऊन पतंगाऐवजी माशीच बाहेर येते. आणि शेवटी म्हणाल्या, "बाहेर आल्यावर तो काही खात नाही हं. त्याला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल. अळी असताना खाल्लेलं पुरवून पुरवून आठवडाभर जगतो, अंडी घालतो, संपतो."

मी कोश कानाशी धरला. आत काहीतरी जड, ओलं, एकदाच आपटलं. मी वळून बघितलं. मागे माझी धाकटी जाऊ उभी होती, पोटावर हात ठेवून.

तिला तेव्हा पाचवा महिना होता. आधीची दोन पोटं गेली होती. पहिलं पाचव्यात आणि दुसरं सातव्यात. दोन्ही वेळा गावच्या देवळात कौल लावला होता. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला. दोन्ही वेळा उजवी पडली होती. दोन्ही वेळा तिला गाडीत घालून अलिबागला नेलं आणि रिकाम्या ओटीने परत आणलं. दुसऱ्या खेपेनंतर ती देवळाच्या वाटेला गेली नाही आणि दवाखान्याच्याही नाही. सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरी येऊन गोळ्या द्यायच्या, त्या घ्यायची. सोनोग्राफीला चल म्हटलं की उठून गोठ्यात जायची. तिचं माहेर पालीकडचं, माणसं देवभोळी, पण ही देवावरच रुसली होती. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि बहुतेक वेळा मी राग तेवढा बोलून दाखवायची.

"काय ऐकतेस, ताई?" तिने विचारलं.

"जित्ता हाय का बघते. हाय जित्ता."

तिने माझ्या हातून फांदी घेतली, कानाशी धरली, हलवली. मग भावजींना म्हणाली, "माझ्या खोलीत खिळा ठोका एक." आणि फांदी टांगून झाल्यावर सगळ्यांच्या देखत, अगदी साध्या आवाजात बोलली, "हा माझा कौल. ह्याच्यातनं जित्ता भायेर आला, तर माझं पण येईल. न्हाय आला, तर न्हाय."

सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. आमच्याकडे बोललेला शब्द मागे घेता येत नाही, निदान तसं सगळे मानतात. त्या दिवसापासून त्या खिळ्याला कुणी हात लावला नाही. भावजी खोलीत वाकून शिरायचे. भावजींसारखा दांडगा माणूस, एका अंड्याएवढ्या वस्तूला धडकू नये म्हणून जपून चालायचा, हे बघून मला हसावं की रडावं कळेना.

आणि मी गप्प बसले. आठ दिवसांचं आयुष्य, तोंड नसणं, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. कौल लावणाऱ्या बाईला असलं कशाला सांगायचं? तिला जगायला काहीतरी धरायला हवं होतं, आणि तिने हे धरलं होतं.

चैत्रात राब पेटवला. वारा पडलेला बघून भावजींनी कडेने विस्तव लावला. मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, "भावजी, एकदा फांद्या चाळून बघू द्या, आणखी कोश असतील." ते हसले. "वैनी, दरसाल जाळतो. आमच्या बापाने जाळले, आज्याने जाळले. तुम्ही आता चाळायला बसलाव तर रोप कधी व्हायाचं?" खोटं नव्हतं त्यांचं. मी एका कडेच्या फांद्या उलटसुलट केल्या, काही मिळालं नाही, उन्हाने डोकं फिरलं तेव्हा घरी आले. राब धुमसायला लागला तसा एक वास आला. पाला जळल्याचा नव्हे, केस जळल्याचा. रेशीम जळलं की केसासारखाच वास येतो, हे मी नंतर वाचलं. सासूबाई पडवीत डाळ निवडत होत्या. त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, "कोन गेलं गो गावात?"

कुणी गेलं नव्हतं. मी आत जाऊन जावेच्या खोलीची खिडकी लावून घेतली. ती पलंगावर बसली होती आणि कोशाकडे बघत होती. तिने वासाबद्दल काही विचारलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं.

मग उन्हाळा आमच्या घरात मुक्कामाला आल्यासारखा बसला. हवा दमट, पाहुणे भरलेले, मी दिवसभर चुलीपाशी, आणि मनात सारखा तो खिळा. एकदा दुपारी खोलीत पिवळी गांधीलमाशी भिरभिरताना दिसली, बारीक कमरेची, मागे काळी सुई असलेली. ती कोशावर उतरली, मिशांनी चाचपत फिरली. मी पंचा घेऊन धावले आणि तिला भिंतीवर चिरडलं. जाऊ झोपली होती, तिला कळलं नाही. त्यानंतर मी रोज, ती आंघोळीला गेली की, कोश फिरवून भोक आहे का ते बघायची. कानाशी धरायला धीर होत नव्हता. आणि बघता बघता मला स्वतःचीच चीड यायची. कोशाचा आणि पोराचा काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी भोक शोधत होते. शहाण्या बाईची ही गत, तर तिची काय असेल?

पोट वाढत होतं. ती हसायला लागली होती, खायला लागली होती. सुकटीची चटणी मागून घ्यायची. रात्री पोर लाथा मारतं म्हणून भावजींचा हात धरून पोटावर ठेवायची, हे भावजींनीच लाजत सांगितलं. सासूबाईंनी गुपचूप गोधड्यांसाठी जुनी लुगडी काढली. घर हलकं झालं, आणि मला त्या हलकेपणाचीच भीती वाटायला लागली. सगळ्या घराचं वजन एका देठावर टांगलेलं होतं.

मृगाच्या थोडं आधी, एका दिवेलागणीला, तिने हाक मारली. ओरडली नाही, हाक मारली, पण आवाज असा होता की मी कढई तशीच सोडून धावले. कोशाचं वरचं टोक ओलं झालं होतं. तिथले धागे भिजून सैल पडले होते आणि आतून काहीतरी ढकलत होतं. आधी पाय आले, मग केसाळ डोकं, मग थुलथुलीत, ओलं, पिवळसर अंग. पंख म्हणजे नुसत्या चुरगळलेल्या चिंध्या. जाऊ घाबरली. "लुळा हाय काय गो?"

"थांब. फुगतात ते."

तो कोशालाच लटकून राहिला आणि पंख हळूहळू खाली उतरत गेले, पसरत गेले. पूर्ण पसरले तेव्हा आम्ही सगळे खोलीत जमलो होतो. पिवळट, मातकट रंग, चारही पंखांवर एकेक डोळा, आणि प्रत्येक डोळ्याच्या मधोमध काचेसारखी खिडकी, जिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. मिशा बारीक, अंग जड. मादी होती. नर तांबडा आणि हलका असतो, त्याच्या मिशा पिसासारख्या भरघोस असतात. मी हे सांगितलं, पण कुणी ऐकत नव्हतं. सासूबाईंनी हळदकुंकू आणलं. भावजी पाठ करून उभे होते आणि डोळे पुसत होते. जाऊ म्हणाली, "आली भायेर. बघितलंव ना सगळ्यांनी? माझी पण आता येणार." त्या क्षणी तिला मुलगीच होणार हेही ठरून गेलं.

मीही हसले. पण त्या चार डोळ्यांनी मला कसंतरी होत होतं. आता आठ दिवस, असा हिशेब माझ्या मनाने आपोआप केला.

सकाळी मी चहा घेऊन गेले. जाऊ पलंगावर टेकून बसली होती, भिंतीकडे बघत. पतंग रात्री कोशावरून भिंतीवर सरकला होता आणि पंख पसरून निश्चल बसला होता. जाऊ इतकी शांत दिसत होती की मला ते खटकलं. मी सहज विचारलं, "काय म्हणते लेक? लाथा मारल्या काय रातच्या?"

"न्हाय. गप हाय काल दुपारपासनं."

मी कप खाली ठेवला. "दुपारपासनं? आणि काल का न्हाय बोललीस?"

"झोपली असंल. तिला पण कळलं असंल, कौल झालाय ते. आता कसली घाई?" आणि ती हसली. ते हसू मी विसरू शकत नाही.

मी तिला कुशीवर झोपवलं, गोड चहा पाजला, पोटावर हात ठेवून बसून राहिले. काही नाही. नुसतं ऊन ऊन पोट. मी म्हटलं, उठ, अलिबागला जाऊ. ती म्हणाली, नाही. भावजी म्हणाले, चल. ती म्हणाली, "तिथनं मी दोनदा रिकामी आलेय. आता कौल झालाय, आता मी ह्या खोलीतनं हलायची न्हाय." सासूबाईंनी हात जोडले. तिने मान फिरवली. ती चिडलेली नव्हती, रडत नव्हती. तिला आमची दया येत होती, असं मला वाटलं, कारण आमचा विश्वास कमी पडत होता.

तेव्हा माझं डोकं सटकलं. मी मुळात तापट, आणि भीती वाटली की जास्तच तापते. मी तिचा दंड धरून तिला भिंतीपाशी उभं केलं.

"बघ. नीट बघ तुझ्या कौलाकडे. तोंड दिसतंय?"

ती गोंधळली.

"न्हाय दिसायचं. त्याला तोंड न्हाय. खायाला न्हाय, प्यायाला न्हाय. जल्मतो तोच मरायला. आठ दिवसांत ह्या भिंतीखाली पडंल आणि मुंग्या वढून नेतील. मला पहिल्या दिवसापासनं ठावं होतं, मी बोलली न्हाय. हा तुझा कौल? ह्याच्या भरवशावर बसणार हायस?"

"खोटं." ती एवढंच म्हणाली. आणि स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेली. ती वाटीत साखरपाणी करून घेऊन आली. बोट बुडवलं आणि पतंगाच्या तोंडाशी, जिथे तोंड असायला हवं तिथे, धरलं. थेंब बोटावरून ओघळला. तिने परत बुडवलं, परत धरलं. पतंग हलला नाही. तिसऱ्यांदाही थेंब ओघळला. मग तिने वाटी खाली ठेवली, पदराने बोट पुसलं आणि भावजींकडे न बघता म्हणाली, "गाडी काढा."

त्या दिवशी रविवार होता आणि सुट्टीचे दिवस. सगळी मुंबई आमच्या दिशेने येत होती आणि आम्ही उलटे निघालो होतो, तरी चौलच्या गल्लीत अडकलोच. समोर एक मोठी गाडी आडवी, तिच्यातली माणसं नारळपाणी पीत उभी. मी खाली उतरले आणि त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी हलली. मागे बसलेल्या जावेचे दोन्ही हात पोटावर होते, पण ती पोटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

अलिबागला दवाखान्यात तपासलं तेव्हा पोराचे ठोके लागत होते, पण मंद. डॉक्टरीणबाईंनी आमच्या सह्या घेतल्या आणि तिला ऑपरेशनला आत नेलं. मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते, आवळलेले. हे नर्सने सांगितलं तेव्हा मला तो काळा देठ आणि त्याचं कडं आठवलं. मुलगी रडली नाही. जिवंत होती, पण रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून नळी घातली. थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भावजी माझ्या पाया पडायला वाकले, मी त्यांना हाताने मागे सारलं. मला आनंद होत नव्हता.

आणि खरी परीक्षा पुढेच होती. मुलगी दूध ओढेना. नळीतून थेंब थेंब दूध जायचं, तेवढंच. ओठाला कापूस लावला तरी ओठ हलायचे नाहीत. डॉक्टरीणबाई रोज बघायच्या आणि रोज तेच सांगायच्या, "तोंडाने ओढायला लागली की मग बोलू." इतकं साधं वाक्य, पण ते ऐकलं की जाऊ माझ्याकडे बघायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती बोलली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

"ताई, तूच बोललीस ना. तोंड न्हाय म्हणून."

"अगो, मी पतंगाचं बोलले."

"कौल माझ्या पोरीचा होता."

मी कौल मोडायला गेले होते आणि तिने माझं बोलणंच कौलाला जोडून टाकलं होतं. जित्ती बाहेर येईल, ती आली. तोंड नसेल, ते नाही. आठ दिवस. ती बोलली नाही, पण तिच्या मनात आठ दिवस चालले होते हे मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच चालले होते. रानातल्या एका किड्याची सवय मी तिच्या पोरीच्या कपाळी लिहून ठेवली होती. असलं काही नसतं, असं मी स्वतःला बजावायची आणि परत काचेपाशी जाऊन त्या मिटलेल्या ओठांकडे बघायची.

घरून सासूबाईंचा फोन यायचा. पतंग भिंतीवर अंडी घालतोय म्हणाल्या. मोहरीहून मोठी, मसुरीहून लहान, ओळीने चिकटवलेली. मी विचारलं, "दुसरा पतंग आला होता काय? तांबडा, लहान?" रोज खिडकी उघडी ठेवा म्हणून मी निघताना सांगितलं होतं. मादी एका जागी बसून राहते, तिच्या वासावर नर लांबून येतात. "न्हाय गो, कोनी न्हाय आला." म्हणजे ती अंडी फुकट होती. डोंगरावर नर उरला होता की नव्हता कोण जाणे, फांद्या तर आम्हीच जाळल्या होत्या. हे मी जावेला सांगितलं नाही. तिने विचारलं, "कसा हाय तो?" मी म्हटलं, "हाय."

मग एका सकाळी सासूबाईंनी सांगितलं की पतंग खाली पडलाय, पंख झडलेत, मुंग्या लागल्यात, झाडून टाकू का? मी हळू आवाजात म्हटलं, टाका. फोन ठेवून वळले तर जाऊ दारात उभी. तिने ऐकलं होतं. तिने पदर खोचला आणि ती पेटीच्या खोलीकडे चालायला लागली. मी मागे गेले, पण मला आत सोडत नव्हते, फक्त आईला सोडत. मी काचेबाहेर उभी राहिले.

नर्सने तिला हात धुवायला लावले, पेटीचं गोल दार उघडून दिलं. जावेने वाटीतल्या आपल्याच दुधात बोट बुडवलं. तेच बोट. मला बघवेना म्हणून मी खाली बघितलं, मग परत वर बघितलं. बोट ओठांशी होतं आणि थेंब हनुवटीवर ओघळला होता. तिने परत बुडवलं. परत ओघळला. तिसऱ्यांदा तिने बोट धरलं ते काढलंच नाही, धरूनच ठेवलं, आणि तिचे खांदे थरथरायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं.

आणि मग तिने माझ्याकडे मान वळवली. काचेतून आवाज येत नव्हता. ती काहीतरी सांगत होती आणि मला कळत नव्हतं. मी मान हलवली, काय? तेव्हा तिने दुसऱ्या हाताने पेटीतल्या आपल्या बोटाकडे खूण केली. ते बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलेलं होतं आणि मुलीचे गाल हलत होते. तरी मी नुसती बघतच राहिले. मग जावेने माझ्यासाठी स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडलं आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले.